दारापाशीची जागा

१

"पोरी, कधी माझी जागा रिकामी दिसली ना, तर बसून नको राहू. उतर आन् इचार."

सरूबाईनं हे सांगितलं तेव्हा प्रेरणा हसली होती. बोरदरा हॉल्ट नुकताच मागं पडला होता. बायकांच्या डब्यात दारापाशी, डोक्यावरची चुंबळ खाली टाकून त्या चुंबळीवरच सरूबाई नेहमीसारखी बसली होती. समोर शेपू-मेथीची टोपली. प्रेरणाची दोन वर्षांची संस्कृती शेपूच्या वासानं नाक मुरडून "छी" म्हणत होती, आणि एरवी या "छी"ला खळखळून हसणारी सरूबाई त्या दिवशी गप्प होती.

"मावशी, एक वेळ ही गाडी बंद पडेल, पण तुम्ही नाही," प्रेरणा म्हणाली. बाकीच्या बायाही हसल्या. सरूबाईनं मेथीची एक जुडी सोडली आणि पुन्हा बांधली. तिच्या घरी तिची वाट पाहणारं एका शेळीशिवाय कुणी नव्हतं. एकटी बाई, येत असेल मनात काहीबाही, असं म्हणून प्रेरणानं ते बोलणं तिथंच सोडून दिलं.

गाडी बंद पडेल, हे मात्र तिनं गमतीनं म्हटलं असलं तरी ती खरी धास्ती होती. लासूरहून संभाजीनगरला जाणारी ही शटल प्रायोगिक होती. माणसं मिळाली तर कायम, नाही तर बंद. प्रेरणा लासूरची, बी.एस्सी. झालेली, शहरात स्टेशनजवळच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. लॅबच्या गल्लीतच पाळणाघर होतं. शटल बंद म्हणजे लेकराला मांडीवर घेऊन हायवेवरच्या जीपमध्ये कोंबून जाणं, नाही तर नोकरी सोडणं. नवरा वाळूजच्या कंपनीत पाळीवर, सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणून रोज डब्यात चढली की ती माणसं मोजल्यासारखी नजर फिरवायची. बोरदऱ्याला सरूबाईखेरीज क्वचितच कुणी चढायचं. तरी म्हणे तिथली तिकिटविक्री चांगली होती. याचं तिला नवल वाटायचं, आणि थोडा आधारही.

जानेवारीतल्या एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की बोरदऱ्याचा मातीचा फलाट आला कधी आणि गेला कधी ते कळलंच नाही. दारापाशीची जागा रिकामी राहिली. कुणीतरी म्हणालं, पैठणला भाचीकडे गेली असेल. प्रेरणानं मान हलवली, आणि जागा मिळालीच आहे तर संस्कृतीला तिथं बसवून तिच्या हातात बिस्कीट दिलं.

संध्याकाळी परतीची शटल फलाटाला लागून उभी होती. झोळी बांधायला सवड मिळावी म्हणून प्रेरणा नेहमी लवकर यायची. त्या दिवशीही बायकांच्या डब्यात पहिली तीच शिरली. दाराशेजारच्या सामानाच्या रॅकवर एक टोपली होती, आत भाजी नव्हती, नुसतं पोतं नि तागडी. काठाला हिरव्या रेक्झिनची पट्टी शिवलेली, म्हणजे सरूबाईचीच. प्रेरणा वैतागली. तो रॅक झोळीचा होता. डब्यात लेकुरवाळ्या बाया फार, त्या रॅकच्या दांड्यांना लुगड्याची झोळी बांधून पोरं निजवायच्या. मागं एकदा वरून ओझं घसरलं आणि थोडक्यात एका तान्ह्या बाळाचं डोकं वाचलं, तेव्हापासून त्या रॅकवर कुणी साधी पिशवीसुद्धा ठेवत नव्हतं. टोपल्या खाली, दारापाशी. तिनं टोपली उतरवली, दाराजवळ ठेवली आणि झोळी बांधली.

हळूहळू बाया आल्या, गाडी सुटली. सरूबाई आली नाही. असेल पुढच्या डब्यात, कुणाशी बोलत बसली असेल. संस्कृती झोळीत झोपली होती आणि दिवसभराच्या थकव्यानं प्रेरणाचेही डोळे मिटत होते. बोरदऱ्याला तिनं बाहेर वाकून पाहिलं. फलाटावर एकही माणूस उतरला नाही. टोपली दारापाशी तशीच होती.

गाडी हलली, आणि तीही गाडीबरोबर पुढं गेली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी शटल बोरदऱ्याला थांबली ती बराच वेळ हललीच नाही. फलाटावर लोहमार्ग पोलीस उभे होते.

फौजदार सुलेखा बनकर डब्यात चढल्या. उंच, शांत बाई. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की काल लासूरला गाडी रिकामी झाल्यावर दारापाशी एक टोपली बेवारस सापडली. गार्डानं ती जमा केली, रात्री ओळख पटली. सरूबाई घरी पोचलेली नाही. टोपली दारापाशी होती त्याअर्थी बाई दारात बसली होती आणि धावत्या गाडीतून पडली. शहरापासून इकडं रुळांच्या कडेनं माणसं शोध घेत येत होती.

डब्यात कुणी पदर तोंडाला लावला, कुणी देवाचं नाव घेतलं. प्रेरणानं दारापाशी पाहिलं. रिकाम्या जागेवर काल तिनं स्वतःचं लेकरू बसवलं होतं.

बाहेर फलाटावर शिवराजदादा बोलत होते. ते बोरदऱ्याचेच, प्रवासी संघाचे अध्यक्ष. शटलसाठी त्यांनी उपोषण केलं होतं, मोर्चा नेला होता, आणि हॉल्टसमोरच्या माळावर 'स्टेशनलगत प्लॉट'चे त्यांचे फलकही उभे होते. आपली पांढरी चारचाकी गाडी रुळांपर्यंत आणून ते जमलेल्या लोकांना सांगत होते की ही बाई म्हणजे आपली मागणी न ऐकल्याचा बळी आहे.

"बाई दिवसभर भाजी विकून दमलेली. टोपली टाकली रॅकवर आणि टेकली दारात, घटकाभर वाऱ्याला. आत टेकायला जागा असती तर ती दारात बसली असती का? म्हणून मी म्हणतो, डबे वाढवा."

लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात शटलची शेवटची पाहणी होती. एका म्हातारीच्या मरणानं गाडी बंद होते की वाढते, याची कुजबुज सुरू झाली. मरणाची खात्री मात्र सगळ्यांनीच करून टाकली होती.

गार्डानं शिटी दिली. प्रेरणानं झोळी सोडली, संस्कृतीला खांद्यावर घेतलं आणि बाया "अगं, कुठं?" म्हणेपर्यंत खाली उतरली. लॅबमध्ये काय सांगायचं, पुढची गाडी कधी, लेकराला खायला काय, काहीच ठरवलं नव्हतं. उतर आन् इचार, एवढंच कानात होतं, आणि त्यालाही एक दिवस उशीर झाला होता.

शटल धुक्यात शिरली. फलाटावर उरलेल्या माणसांतला एक जण तिच्याकडे टक लावून पाहत होता.

३

तो रामकिसन होता, हॉल्टवर तिकिटं विकणारा एजंट. त्याच्या खिडकीशी एक पत्र्याची चूल होती, तिच्यावर तो चहा ठेवायचा. प्रेरणानं सरूबाईबद्दल विचारलं तर तो नजर टाळून लाकडं सारत राहिला. काल सकाळी बाई आली नव्हती, एवढंच म्हणाला. तो स्वतः गाडीच्या जरा आधी वाडीवरून येतो, त्याच्या आधी कोण आलं-गेलं त्याला ठाऊक नाही.

"तुमचं काही भांडण झालं होतं का मामा?"

"माझं कशापायी व्हईल? रोज मीच तर टोपली दारात वर देत व्हतो तिला." त्याचा आवाज कातरला. "लई बोलायची बाई. लई."

सुलेखाबाईंनी प्रेरणाला एकदा नीट न्याहाळलं. लेकरू घेऊन मधल्याच हॉल्टवर उतरलेली बाई म्हणजे एक तर वेडी, नाही तर काही जाणणारी. त्यांनी तिला हाकललं नाही.

दुसरा आला राजेंद्र. त्याच्या काळ्या-पिवळ्या जीपचा धंदा शटलनं बसवला, हे गावात सगळ्यांना ठाऊक. सरूबाईला तो भर पारावर म्हणाला होता की तुमच्या गाडीनं माझ्या पोटावर पाय दिला. शिवराजदादांनी त्याच्याकडे नुसतं बोट दाखवलं नाही, तर साक्षच दिली. काल सकाळी सरूबाई राजेंद्रच्या जीपमध्ये बसून फाट्यावरून शहराकडे जाताना त्यांनी पाहिली होती. म्हणजे सकाळच्या शटलनं ती का गेली नाही, तेही सुटलं. जीपनं गेली, भाजी विकली, संध्याकाळी शटलनं निघाली, पडली.

सुलेखाबाईंनी राजेंद्रला विचारलं. तो काळवंडला. त्यानं मफलर तोंडावर ओढून घेतला. हो म्हणेना, नाही म्हणेना. शिवराजदादा खेदानं म्हणाले, "बघा मॅडम. मी कुणावर आरोप करत नाही. पण माणूस गप्प का बसतो?"

प्रेरणाला मात्र त्या तोंडाला गुंडाळलेला मफलर ओळखीचा वाटत होता. काल सकाळी पुढच्या पोटूळ स्टेशनावर तोच मफलर, तोच वाकलेला खांदा, बायकांच्या डब्याच्या खिडकीसमोरून पुढच्या डब्याकडे गेला होता. रोजच जातो. लेकरू असलेली बाई फलाटावरचा प्रत्येक पुरुष नकळत हेरून ठेवते.

ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुम्ही काल शटलमध्ये होतात ना? पोटूळला चढलात."

राजेंद्रनं तिच्याकडे पाहिलं, जणू तिनं त्याला भर बाजारात उघडं केलं होतं. मग तो चालू लागला. सुलेखाबाई मागं, प्रेरणा त्यांच्या मागं. शेतातल्या शेडात त्यानं एक ताडपत्री ओढली. खाली जीप होती, विटांवर. चाकं केव्हाच विकलेली. गावाला तो सांगत होता की जीप आता कन्नडच्या बाजूला चालते. खरं म्हणजे तो सायकलीनं पोटूळला जाऊन, गावाच्या नजरेआड, त्याच शटलनं मजुरीला जात होता.

"आता सांगा मॅडम," तो म्हणाला, "कशात बसवून नेलं मी सरूआत्याला?"

धुक्यातून शेळीच्या ओरडण्याचा आवाज येत होता. थांबत नव्हता.

४

शेळी सरूबाईच्या दारातल्या लिंबाला बांधलेली होती. घर गावाबाहेर, रुळांच्या अलीकडे. शेजारी म्हणावं असं एकच घर, तेही हाकेच्या टोकाला. तिथल्या मुक्ताबाईनं काल संध्याकाळी शेळीला चारा टाकला होता. आली नाय तर येईल, म्हणून तिनंही पुढं विचार केला नव्हता. पैठणचं विचारताच म्हणाली, "पैठणला जाती तर शेळी माझ्या दावणीला बांधून जाती. अशी सोडून नाय जायाची."

सुलेखाबाईंनी ओट्यावर टोपलीतलं सामान मांडलं. पोत्याचा तुकडा, तागडी, जुड्या सारख्या करायचा विळा. प्रेरणा पाहत राहिली. काहीतरी नव्हतं. लेकराची पिशवी रोज भरणाऱ्या बाईला पिशवीत काय आहे यापेक्षा काय राहिलंय ते आधी दिसतं.

"चुंबळ कुठंय?"

"कसली?"

"डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची. डब्यात चढल्या की त्या आधी चुंबळ खाली टाकायच्या आणि तिच्यावरच बसायच्या. दारात बसून पडल्या असत्या, तर चुंबळ डब्यात राहिली असती."

"बाईबरोबर खाली पडली असेल."

तर्क बरोबर होता. प्रेरणानं ते मानलं. संस्कृतीनं तिचा कान ओढला, मान टेकली आणि लाडात झोका घेतल्यासारखी डुलू लागली. झोप आली की ती असंच करायची, झोळी मागायची. प्रेरणाचा हात तिच्या पाठीवर थांबला. झोळी. रॅक. काल संध्याकाळ.

काल रात्रीपासून पोलीस, गार्ड, शोधणारी माणसं, सगळे ज्या एका गोष्टीवर चालले होते, ती गोष्ट तिच्या दोन हातांनी झाली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "टोपली दारात मी ठेवली."

५

तिनं सगळं सांगितलं. डब्यात ती पहिली होती, टोपली रॅकवर होती, झोळीसाठी तिनं उतरवली. सरूबाई मेली तरी त्या रॅकवर टोपली ठेवणार नाही. ज्या बाळाचं डोकं वाचलं, त्याला पहिलं उचलून घेतलं होतं ते सरूबाईनंच. म्हणजे टोपली तिनं आणली नाही. गाडी फलाटावर रिकामी उभी असताना दुसऱ्या कुणीतरी ती आत ठेवली, आणि ज्यानं ठेवली त्यानं या डब्यातून कधी प्रवास केलेला नव्हता.

सुलेखाबाईंनी एकच प्रश्न केला. "मग बाई शहरात गेलीच नाही?"

"सकाळच्या शटलमध्ये नव्हत्या. जीप तर विटांवर आहे. शेळी बांधून घरातून निघाल्या, म्हणजे गाडीलाच निघाल्या. चुंबळ टोपलीत नाही, म्हणजे डोक्यावरच होती." प्रेरणानं घराच्या दाराकडे बोट केलं. "त्या या दारापासून त्या फलाटापर्यंतच कुठंतरी आहेत. आणि आपली सगळी माणसं तिकडं दौलताबादपाशी शोधतायत."

घरापासून हॉल्टपर्यंतची पायवाट नव्या दुसऱ्या रेल्वेमार्गाच्या भरावावरून जात होती. काम थांबलेलं. खडीचे ढीग, उघड्या पडलेल्या सळया, आणि ओढ्यावर बांधून ठेवलेली सिमेंटची मोरी. राजेंद्र पुढं झाला. मुक्ताबाई हाका मारत निघाली. हाका धुक्यात जिरून जात होत्या, उत्तरादाखल फक्त शेळी ओरडत होती.

भरावाच्या उतरणीला घाणेरीच्या झुडपात चुंबळ अडकली होती. जुन्या हिरव्या लुगड्याचा पीळ, दवानं ओला. खाली माती ओरबाडल्याच्या खुणा मोरीच्या तोंडापर्यंत गेल्या होत्या.

प्रेरणानं संस्कृतीचं तोंड स्वतःच्या खांद्यात दाबलं. मोरीत राजेंद्र वाकून शिरला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. प्रेरणाला वाटलं, हा आता बाहेर येईल आणि डोक्याचा मफलर काढील.

"हायेत," आतून आवाज आला. "जित्या हायेत."

पडल्यावर सरूबाई थंडीपासून जीव वाचवायला स्वतःच सरपटत मोरीत शिरली होती. कंबर मोडलेली, ओठ निळे, डोळे अर्धे. बोलता येत नव्हतं. प्रेरणाचा हात तिच्या हाताला लागला तेव्हा तिच्या बोटांनी तो धरला, आणि त्या धरण्यात इतका जोर होता की प्रेरणा दचकली. सरूबाई तिच्या मागं, भरावावर पाहत होती.

भरावावर पांढरी गाडी येऊन थांबली होती.

६

शिवराजदादा धापा टाकत उतरले. देवाची कृपा, म्हणाले. अँब्युलन्सला शहरातून इथं यायला तास लागेल, वाट पाहत बसलो तर बाई हाती लागायची नाही. "माझ्या गाडीत ठेवा. मी घाटी दवाखान्यात नेतो. वाटेत थांबणार नाही."

सगळ्यांना ते पटलं. राजेंद्रनं आणि एका शिपायानं सरूबाईला घोंगडीवर घेतलं. दादांनी मागचं दार उघडलं, सीट पाडली. तेवढ्यात प्रेरणाच्या खांद्यावरच्या संस्कृतीनं नाक मुरडलं.

"छी," ती म्हणाली.

प्रेरणानंही श्वास घेतला. बंद गाडीत रात्रभर कोंडलेला शेपूचा वास.

"नका ठेवू," ती म्हणाली.

घोंगडी धरलेले हात थांबले. शिवराजदादांनी आधी हसून पाहिलं. मग आवाजात धार आली. "ताई, एकेक मिनिट मोलाचं आहे. बाईचं काही झालं तर जबाबदार तुम्ही."

प्रेरणानं घोंगडीकडे पाहिलं. आपण चुकत असू तर? खरंच ही बाई या वादात गेली तर? पण तिच्या मनगटावर अजून त्या बोटांची पकड होती.

"दादा, सरूमावशींची टोपली कुठं होती?"

"म्हणजे?"

"सकाळी फलाटावर तुम्ही म्हणालात, टोपली रॅकवर टाकली. गार्डाला ती दारापाशी सापडली. डब्यातल्या सगळ्या बायांनी दारापाशीच पाहिली. मॅडमनीही तेच सांगितलं. रॅकवर ती फक्त मी पाहिली, बाकी कुणी यायच्या आत. आणि मी हे मघापर्यंत कुणाला बोलले नव्हते." तिनं संस्कृतीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मग ती रॅकवर होती हे ठेवणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?"

"रॅकवर सामान ठेवायची सगळ्या जगाची रीत आहे!"

"जगाची आहे. या डब्याची नाही. रामकिसनमामा रोज टोपली दारातच वर देतात. राजेंद्रभाऊ रोज याच गाडीनं जातात, झोळी त्यांनी येता-जाता पाहिलेली आहे. गाडीसाठी उपोषण केलेला पण गाडीत कधी न बसलेला माणूस गावात एकच आहे, दादा. तुम्ही कायम या पांढऱ्या गाडीनंच गेलात."

सुलेखाबाई आत वाकल्या होत्या. पाडलेल्या सीटखालून त्यांनी काहीतरी उचललं. चिरडलेली शेपूची काडी, मुळाशी ओली माती. भाजी दादांनी वाटेत कुठंतरी फेकून दिली असेल, पण वास फेकता आला नव्हता.

"आणि बिनचाकांच्या जीपमध्ये काल तुम्ही बाई कशी पाहिलीत," सुलेखाबाई म्हणाल्या, "तेही सांगाल मला. गाडीची किल्ली द्या."

तेव्हा हाका ऐकून हॉल्टवरून आलेला रामकिसन मागून रडायलाच लागला. बोरदऱ्याची तिकिटं खपत होती ती माणसांमुळं नव्हे. शिवराजदादांच्या पैशानं रोज गठ्ठ्यानं तिकिटं काढली जात आणि त्याच्या चहाच्या चुलीत जात. तिकिटविक्री दिसली की हॉल्ट टिकेल, हॉल्ट टिकला की प्लॉट विकले जातील. गावालाही वाटे, गाडीसाठी एवढं केलं तर काय बिघडलं. सरूबाईनं एकदा ती चूल पाहिली आणि तिचं तोंड सुटलं. पाहणीला साहेब आले की मी सांगणार, म्हणाली.

"म्हनायची, खोट्या तिकिटानं गाडी ऱ्हाईल, पर माणसं नाय यायची. कंपनीची पोरं सातला कामावर पायजेत, गाडी पोचती साडेनऊला. त्यांनी कशात बसावं? येळ बदला म्हना, वाडीवरून जीप जोडा म्हना. पन साहेबाला तिकिटं दिसली तर त्यो म्हननार, समदं झ्याक हाय." रामकिसननं डोळे पुसले. "म्याच दादांना सांगितलं, बाई बोलनार हाय म्हनून."

शिवराजदादांनी भरावाच्या उतरणीकडे पाहिलं. "समजवायला गेलो होतो," ते म्हणाले. "ऐकेना. धक्का लागला. मला वाटलं, गेली." थोडं थांबून, अगदी खरं वाटावं अशा आवाजात ते म्हणाले, "मी गावासाठीच करत होतो हे."

खाली उतरून ती गेली की आहे एवढं पाहावं, असं काल दिवसभरात त्यांना एकदाही वाटलं नव्हतं.

सुलेखाबाई कंट्रोलशी फोनवर बोलत होत्या. थोड्या वेळानं धुक्यातून दिव्याचा पिवळा डाग मोठा होत आला. ज्या हॉल्टवर एकही एक्स्प्रेस कधी थांबली नव्हती, तिथं एक थांबली. सरूबाईला दारापाशी, खाली, घोंगडीवर निजवलं. प्रेरणानं ती ओली चुंबळ तिच्या मानेखाली सारली.

७

सरूबाई वाचली. वाचा परत यायला वेळ लागला, आणि आली तेव्हा तिनं पहिलं नाव घेतलं ते शेळीचं. दुसरं शिवराजचं.

पाहणीच्या दिवशी डब्यातल्या बायांनी साहेबांना सगळं सांगितलं. चूलही दाखवली. बोरदऱ्याची विक्री एकदम कोसळली, गावानं कपाळाला हात लावला. मग शटलची वेळ अलीकडे आली. राजेंद्रनं जीपला चाकं बसवली आणि वाडीवरची पोरं हॉल्टला आणून सोडू लागला. आता त्या फलाटावर खरी माणसं उभी असतात, डबे हाऊसफुल्ल. गाडी अजून मुदतवाढीवरच आहे, पण आहे.

आणि तरी प्रेरणाला रात्री जाग येते. सरूबाईची कंबर नीट जुळली नाही, ती घरातच असते, काठी टेकत दारापर्यंत येते. शिवराज जामिनावर सुटून गावात आला आहे. त्याचा नवा ओटा सरूबाईच्या घरासमोरच्या माळावर आहे, तिथं तो संध्याकाळी खुर्ची टाकून बसतो. खटला उभा राहायचा आहे, धक्क्याची साक्षीदार एकटी सरूबाईच. गावातल्या निम्म्या लोकांच्या मते बाईनं तोंड उघडून गाडी घालवलीच होती. मुक्ताबाई लेकाकडे राहायला गेली. प्रेरणाच्या नवऱ्यानं वाळूजला खोली घेतली, लेकराच्या शाळेसाठी. तिचं रोज शटलनं जाणं सुटलं. ती फोन करते, पण सरूबाईचा फोन पुष्कळदा बंद असतो, आणि दर वेळी चार्जिंगच नसेल, असं स्वतःला समजावताना तिला ती रिकामी जागा आठवते.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या मार्गानं गेलात तर बोरदऱ्याला गाडी मिनिटभर थांबते, तेवढ्या वेळात दाराशी या. भरावापलीकडे लिंबाखालचं एकटं घर दिसतं. दिवसा त्याचं दार उघडं आहे ना, शेळी बांधलेली आहे ना, एवढं बघा. दार लावलेलं दिसलं आणि शेळी ओरडत असली, तर पैठणला भाचीकडे गेली असेल असं म्हणून बसून राहू नका.

उतरा, आणि विचारा.